बेळ्ळंदूरच्या फ्लॅटमध्ये सॉफ्ट कोरल: आधी पाणी, मग नाव, मग खरेदी

"टाकी आणली, दिवे लावले, आता कोणते कोरल घेऊ?" बंगळुरूतल्या सर्जापूर रस्ता, हरळूर, कसवनहळ्ळी, बेळ्ळंदूर या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी मंडळींकडून हा प्रश्न वर्षभर येत असतो. त्याच्या पाठोपाठ आणखी तीन ठरलेले: टँकरच्या पाण्यावर हे जमते का, घरात प्रवाळ ठेवणे कायद्यात बसते का, आणि गणपतीला दहा दिवस गावी गेलो तर मागे काय. खरे तर या तिन्हींची उत्तरे आधी हवीत, कोरलची निवड नंतर. लोकांचे पैसे कोरल चुकीचे निवडल्याने कमी बुडतात. पाण्याकडे दुर्लक्ष आणि घाई यांत जास्त बुडतात.

जमते का, तर जमते. लेदर, मशरूम, झोआ ही मंडळी खाऱ्या पाण्याच्या टाकीत सर्वांत सोशिक. त्यांना महागडा दिवा लागत नाही, रोज कॅल्शियमचे डोस मोजावे लागत नाहीत, थोडे नायट्रेट तर त्यांना हवेच असते. एक गोष्ट मात्र त्यांना सोसत नाही: आज एक, उद्या भलतेच अशी परिस्थिती.

पहिली चाळणी कायद्याची

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये प्रवाळांचे हे गट घातले गेले:

- सर्व दगडी प्रवाळ, म्हणजे स्क्लेरॅक्टिनिया
- काळे प्रवाळ
- अग्निप्रवाळ, म्हणजे मिलेपोरा
- ऑर्गन पाइप कोरल
- समुद्रपंखे, म्हणजे सर्व गोर्गोनियन

पहिली अनुसूची म्हणजे वाघाची अनुसूची. त्यातल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला ३ ते ७ वर्षांची कैद आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड किमान २५,००० रुपये. हा कायदा कागदावरच राहतो असे समजू नका. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामात हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरच्या प्रवाळ वसाहती हलवण्यासाठी महापालिकेलासुद्धा वन्यजीव विभागाची परवानगी घ्यावी लागली होती. तुमच्या टाकीला वेगळा न्याय नाही.

लेदर, मशरूम, झोआ, झेनिया हे या यादीत नाहीत. आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधने घालणाऱ्या साइट्स कराराच्या यादीतही नाहीत. त्या यादीतले जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांना २०२४ च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. तीही या चौघांसाठी लागत नाही. म्हणून नवशिक्याने इथेच राहावे असे माझे स्पष्ट मत आहे. अडचण अशी, की दुकानात हाताला मऊ लागेल ते सगळे 'सॉफ्ट' म्हणून विकले जाते. या जागी पाय घसरतो:

- टॉर्च, हॅमर, फ्रॉगस्पॉन, बबल. पाण्यात झुळझुळ डोलतात, बोटाला लुसलुशीत लागतात, पण तळाशी पांढरा कडक चुन्याचा सांगाडा असतो. हे दगडी प्रवाळ, पहिल्या अनुसूचीतले. दिव्याखाली सर्वांत देखणे दिसतात म्हणून दुकानात पुढे मांडलेले असतात. घेऊ नका.
- क्लोव्ह पॉलिप आणि ऑर्गन पाइप. पाकळ्या उघडल्या की दोन्ही सारखेच दिसतात. तुकडा उचलून खाली पाहा. गडद लाल नळ्यांची उतरंड दिसली तर तो ऑर्गन पाइप, परत ठेवा.
- ग्रीन स्टार पॉलिप. दुकानात 'जीएसपी' म्हणतात. हे ब्रायरियम कुळातले असून जुन्या वर्गीकरणात गोर्गोनियनांच्या पंगतीत बसवले जात असे. वाढायला सोपे आणि दिसायला हिरवळीसारखे आहे, तरी वाद नको असेल तर मी ते यादीत सर्वांत खाली ठेवीन.
- लाइव्ह रॉक. समुद्रातून उपसलेला 'जिवंत दगड' म्हणजे बहुतेक वेळा दगडी प्रवाळाचा सांगाडाच. मेलेला असला तरी कायद्यातून सुटत नाही. कृत्रिम सिरॅमिक किंवा सिमेंटचा ड्राय रॉक घ्या. त्याच्यासोबत किडेही येत नाहीत.
- सोबतीचे प्राणी. समुद्रघोडा, ट्रायडॅक्नासारखे महाशिंपले आणि समुद्रकाकडी हेही संरक्षित आहेत. "सर, एकच आहे, घेऊन जा" याला भुलू नका.

मासा हवाच असेल तर टाकीत पैदास केलेला क्लाउनफिश मागा. त्याची पैदास आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने यशस्वी केली आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेला घेण्याचे कारण उरत नाही.

पाणी: बोअर, टँकर, कावेरी आणि सोसायटीचा सॉफ्टनर

बंगळुरूहून समुद्र कोणत्याही दिशेला रस्त्याने तीनशे किलोमीटरच्या पुढेच. मंगळुरू किंवा गोव्याहून कॅनमध्ये समुद्राचे पाणी आणण्याची कल्पना बऱ्याच जणांना सुचते, सोडून द्या. किनाऱ्यालगतच्या पाण्यात सांडपाणी असते, आणि बंद कॅनमध्ये त्यातले सूक्ष्म जीव रस्त्यातच मरून सडू लागतात. आपल्याला गोड्या पाण्यात मीठ कालवूनच समुद्र करायचा आहे, म्हणून सगळी मदार त्या गोड्या पाण्यावर.

इथल्या बहुतेक इमारतींत बोअर, टँकर आणि कावेरी यांचे मिश्रण एकाच टाकीत पडते. कावेरीचा पाचवा टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला, तरी नळाला आज नेमके काय आले हे तुम्हाला कोणी सांगत नाही. म्हणून दोनतीनशे रुपयांचा टीडीएस मीटर ही या छंदातली पहिली खरेदी असावी, कोरल नव्हे. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ नळाचे पाणी मोजा. आकडा टँकरनुसार वरखाली उड्या मारताना दिसेल.

दोन गैरसमज इथेच निस्तरू.

*"आमच्याकडे सॉफ्टनर आहे."* सोसायटीचा सॉफ्टनर पाण्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम घालतो. साबणाला फेस येतो, गीझर वाचतो, पण टीडीएस जवळजवळ तेवढाच राहतो. बोअरच्या पाण्यातले नायट्रेटही त्याने जात नाही.

*"स्वयंपाकघरात आरओ आहे की."* आहे, पण पिण्याच्या आरओमध्ये चवीसाठी टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरलची नळी असते. तिच्यातून थोडे कच्चे पाणी पुन्हा मिसळले जाते, म्हणून मीटर ४० ते ८० दाखवतो. टाकीला शून्य हवे. त्यासाठी आरओच्या मेंब्रेननंतर, मिनरलच्या नळीच्या आधी फाटा काढून उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनची नळी जोडावी लागते. प्लंबरपेक्षा आरओ दुरुस्त करणारा हे काम चांगले करतो. रेझिनमधून येणारे पाणी ० वरून ३-४ वर गेले की रेझिन बदला.

आता हिशेब. अडीच फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी धरा. खडक वगैरे वजा जाता तिच्यात सुमारे १४० लिटर पाणी राहते. पहिल्या भरणीला पाच-साडेपाच किलो रीफ मीठ लागेल. पुढे दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलले तर महिन्याला ६० लिटर, आणि बाष्पीभवन भरून काढायला आणखी ७०-८० लिटर. म्हणजे महिना १४० लिटर शुद्ध पाणी. आरओ एका लिटरमागे तीन लिटर फेकत असेल तर ४०० लिटरवर पाणी वाया जाते. मार्च २०२४ च्या टंचाईत पिण्याचे पाणी गाडी धुवायला आणि बागेला वापरण्यावर जलमंडळाने ५,००० रुपये दंड लावला होता. त्या शहरात हे पाणी मोरीत सोडणे शोभत नाही. रिजेक्टची नळी बादलीत सोडा आणि फरशी, कपडे, फ्लश यांना वापरा.

मीठ कालवताना:

- पाण्यात मीठ घाला, मिठावर पाणी ओतू नका. लहान पंप लावून काही तास फिरू द्या.
- क्षारता ३५, म्हणजे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२५-१.०२६. रिफ्रॅक्टोमीटर ३५ च्या प्रमाणित द्रावणाने जुळवा, साध्या पाण्याने नव्हे.
- स्वयंपाकाचे मीठ किंवा खडेमीठ चालत नाही.
- पाणी साठवायला, ढवळायला तांब्या-पितळेचे काहीही वापरू नका. घरात तांब्याचा हंडा असेल तर तो देवघरात आणि पिण्याच्या पाण्याला शोभतो. तांबे अपृष्ठवंशी प्राण्यांना विष आहे. माशांच्या तांबेयुक्त औषधांनाही हाच नियम.
- वाफ होऊन उडते ते फक्त पाणी, मीठ मागे राहते. म्हणून रोजची घट साध्या शुद्ध पाण्याने भरा, खाऱ्या पाण्याने नाही. नवख्यांच्या टाकीत क्षारता हळूहळू चढत जाते ती यामुळेच.

काढलेले खारे पाणी कुंड्यांना घालू नका. बाथरूमच्या मोरीत सोडा. इमारतीच्या सांडपाण्यात पंधरा लिटर कुठे विरते ते कळतही नाही.

टाकी कुठे, आणि कोणाला विचारून

वर सांगितलेल्या टाकीचे पाणी, काच, खडक आणि स्टँड मिळून वजन सव्वादोनशे ते अडीचशे किलो होते. राहत्या खोल्यांचा स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलो भार धरून आखलेला असतो. अडीच फुटी टाकी बीमजवळ, भिंतीला लागून ठेवली तर चिंतेचे कारण नाही. चार फुटांच्या पुढे जायचे असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय जाऊ नका, आणि दिवाणखान्याच्या मधोमध तर नकोच.

भाड्याने राहत असाल तर घरमालकाला आधी सांगा आणि होकार ईमेलवर किंवा मेसेजवर घ्या. बंगळुरूतली अनामत रक्कम भरभक्कम असते, आणि खाऱ्या पाण्याने फुगलेली लाकडी फरशी किंवा खालच्या मजल्याच्या छतावर उमटलेला डाग हे त्यातून कापून घेण्याचे आयते निमित्त ठरते. स्टँडखाली कडा असलेला ट्रे आणि प्रत्येक वायरीला खाली लोंबणारा वळसा ठेवा, म्हणजे ठिबकणारे पाणी सॉकेटपर्यंत जाणार नाही. या दोन गोष्टींचा खर्च जवळपास शून्य. टाकीच्या सॉकेटला गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी आहे का, हेही वायरमनकडून पाहून घ्या.

जागा निवडताना आणखी एक: देवघर आणि स्वयंपाकघर दूर असू द्या. धूप, फोडणीचा तेलकट वाफारा, डासांचा फवारा यांतले बरेच काही पाण्याच्या पृष्ठभागावर बसते. सोसायटीत पेस्ट कंट्रोलची तारीख लागली की त्या दिवशी टाकी झाका आणि हवेचा पंप खिडकीकडून हवा ओढेल असा ठेवा.

इथल्या हवेचा फायदा-तोटा

सॉफ्ट कोरलना २४ ते २७ अंश मानवतात. मुंबई-रत्नागिरीच्या लोकांना चिलरशिवाय चालत नाही, पण इथे एक सवलत आहे. मार्च-एप्रिलची हवा कोरडी असल्याने पाण्यावर तिरका लावलेला साधा छोटा पंखा दोन-तीन अंश उतरवतो. कोकणातल्या दमट हवेत तोच पंखा नुसता आवाज करतो. एप्रिल २०२४ मध्ये बंगळुरूचा पारा ३८ च्या वर गेला होता. तशा आठवड्यात पंख्याला एसीची जोड द्यावी लागते. चिलर घेतलाच तर १५० वॉटचा चिलर दिवसाला आठ तास चालला तरी महिन्याला ३६ युनिट होतात. आधी पंखा, मग पाहू.

उलट डिसेंबर-जानेवारीत पहाटे १५ अंशांपर्यंत पारा उतरतो, म्हणून मुंबईकरांना न लागणारा हीटर इथे लागतो. हीटरचा अंगचा थर्मोस्टॅट कधीकधी चालू स्थितीत अडकतो आणि टाकी शिजते. वेगळा तापमान कंट्रोलर लावा.

वीज गेली की इमारतीचा जनरेटर येईपर्यंत काही सेकंद जातात, ते चालते. डिझेल संपले किंवा दुरुस्ती निघाली तर चालत नाही. बॅटरीवर आपोआप सुरू होणारा हवेचा पंप हाताशी ठेवा. दिवा बंद राहिला तर कोरलला काही होत नाही. पाणी हलायचे थांबले तर काही तासांत ऑक्सिजन संपतो.

आता कोरल

टाकी भरल्यावर चार ते सहा आठवडे थांबा. अमोनिया चढून उतरतो, मग नायट्राइट, मग नायट्रेट दिसू लागते. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आल्यावरच पहिला तुकडा. नंतर तपकिरी शेवाळ येते. ते येतेच, घाबरून औषध ओतू नका.

या क्रमाने घ्या.

मशरूम (डिस्कोसोमा, रोडॅक्टिस). शास्त्राच्या काटेकोर नजरेने हे सॉफ्ट कोरल नव्हेत, पण बाजारात तेच नाव आहे आणि सुरुवातीला यांच्यासारखे दुसरे काही नाही. तळाशी, सावलीत, संथ पाण्यात ठेवा. प्रकाश जास्त झाला की आकसून बटणाएवढे होतात, कमी असला की बशीसारखे पसरतात.

लेदर. टोडस्टूल म्हणजे सार्कोफायटन, बोटांसारखे फांदीदार ते सिन्युलॅरिया, आणि कोबीच्या पानासारखे लोबोफायटम. टोडस्टूल हा माझ्या मते पहिल्या वर्षातला सर्वोत्तम कोरल आहे: एकच मोठा देठ, वर छत्री, छत्रीवर हजारो केस. मध्यम प्रकाश, मध्यम ते जोरकस प्रवाह. तो अधूनमधून केस आत ओढून घेतो, अंगावर मेणचट चकाकी येते आणि आठवडा-दीड आठवडा रुसल्यासारखा बसतो. हे कात टाकणे आहे. याच काळात लोक तो मेला म्हणून फेकून देतात किंवा रोज जागा बदलतात. दोन्ही करू नका. वेव्हमेकरची, म्हणजे पाणी हलवणाऱ्या पंपाची, दिशा थोडी त्याच्याकडे वळवा, म्हणजे सुटलेला पापुद्रा वाहून जाईल. खरोखर सडणारा लेदर वेगळा ओळखू येतो: देठावर काळा-तपकिरी खड्डा, बोट लावताच सुटणारा लगदा आणि कुजका वास.

लेदर आपल्या शेजाऱ्यांवर पाण्यातून रसायने सोडतात. लहान टाकीत दोन-तीन जातींचे लेदर आणि इतर कोरल एकत्र असतील तर अॅक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी कायम ठेवा, तीन-चार आठवड्यांनी बदला.

झेनिया. मुठी उघडझाप करणारा. पाहुण्यांची लहान मुले याच्यापुढे तासभर बसतात. पण याला मोकळे रान दिले तर सहा महिन्यांत तो घरमालक होतो. मुख्य खडकापासून हातभर दूर, वाळूत वेगळ्या दगडावर बसवा. केनिया ट्री याच जातकुळीचा उपद्रवी. स्वतःच्या फांद्या गाळून टाकीभर रोपे लावतो.

झोआ. रंगांची हौस भागवायला उत्तम, दर इंचाला वेगळी छटा. याच्याबद्दल खाली स्वतंत्र लिहिले आहे, ते वाचल्याशिवाय घेऊ नका.

घेऊ नये असा एक: डेंड्रोनेफ्थिया, बाजारात कार्नेशन किंवा स्ट्रॉबेरी कोरल. लालभडक, गुलाबी, आत चमकत्या सुया. कायद्याने अडचण नाही, निसर्गाने आहे. बाकीच्यांच्या पेशींत प्रकाशावर अन्न बनवणारी शैवाले राहतात, याच्यात नाहीत. त्याला चोवीस तास वाहत्या पाण्यातून सूक्ष्म अन्न लागते, ते घरच्या टाकीत मिळत नाही आणि तो हळूहळू उपाशी मरतो. सगळ्यांत सुंदर तुकडा सगळ्यांत स्वस्त मिळत असेल तर समजा दुकानदारालाही घाई आहे.

शक्यतो शहरातल्याच हौशी माणसाच्या टाकीत वाढलेला फ्रॅग, म्हणजे कापून लावलेला तुकडा, घ्या. तो समुद्रातून आलेला नसतो, तुमच्यासारख्याच मिठाच्या पाण्यात रुळलेला असतो, आणि विकणारा तो कुठे, किती प्रकाशात ठेवला होता हे सांगू शकतो.

झोआ आणि पॅलिथोआ: हातमोजे, चष्मा, आणि उकळणे कदापि नाही

या गटातल्या काही कोरलमध्ये, विशेषतः पॅलिथोआत, पॅलिटॉक्सिन असते. हवाईच्या एका पॅलिथोआतून १९७१ मध्ये वेगळे केलेले हे द्रव्य ज्ञात विषांपैकी सर्वांत जहाल विषांत मोडते आणि त्याला उतारा नाही. अलास्कात २०१२ ते २०१४ या काळात दुकानात आणि घरात झोआ हाताळणारी माणसे नुसत्या श्वासावाटे आजारी पडल्याची नोंद अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने केली आहे. घाबरून छंद सोडायचे कारण नाही, हजारो लोक झोआ पाळतात. नियम मात्र पाळायचेच:

- झोआ असलेला दगड उकळणे, गरम पाण्याने धुणे, मायक्रोवेव्हमध्ये ठेवणे, कोरड्या ब्रशने घासणे, यातले काहीही करू नका. विष वाफेतून आणि तुषारांतून पसरते.
- हाताळताना नायट्रिलचे हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा. कापताना पॉलिप पिचकारी मारतो, ती डोळ्यात जाते.
- हातावर जखम असेल तर त्या दिवशी टाकीत हात घालू नका.
- ही कामे स्वयंपाकाच्या ओट्यावर नकोत. लहान मुले, कुत्री-मांजरे बाहेर.
- तोंडाला कडवट धातूची चव, खोकला, दम लागणे, थंडी-ताप, स्नायूंचे दुखणे, डोळ्यांची आग, यातले काही झाले तर लगेच खोलीबाहेर पडा आणि रुग्णालय गाठा. डॉक्टरांना 'पॅलिटॉक्सिन' हा शब्द लिहून द्या. आपल्याकडे हे रुग्ण क्वचित येतात, त्यामुळे ते स्वतःहून सुचण्याची अपेक्षा धरू नका.

घरात रांगते मूल असेल तर झोआ दोन वर्षांनी घ्या. काही बिघडत नाही.

घरी आणल्यावर

पिशवी वीस मिनिटे टाकीत तरंगू द्या, मग अर्धा तास थेंबथेंब पाणी मिसळा. कोरल डिपमध्ये, म्हणजे किडे सोडवणाऱ्या द्रावणात, बुडवून हलवा. किडे, गोगलगायी, अळ्या खाली पडतील. दगडावर काचेसारखा पारदर्शक, लांब मिशांचा छोटा अॅनिमोन दिसला तर तो एप्टेशिया. शक्य असेल तर तो प्लग, म्हणजे कोरल चिकटवलेली बैठकच, फेकून कोरल नव्या प्लगवर लावा. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नका.

नवा कोरल आधी तळाशी. दोन आठवड्यांत हळूहळू त्याच्या जागेपर्यंत वर न्या. दिवा दिवसाला आठ-नऊ तास टायमरवर. जागा ठरली की हलवू नका. कोरल रोज नव्या ठिकाणी ठेवणाऱ्याच्या टाकीत काहीही उघडत नाही.

मोजायचे एवढेच: अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच, नायट्रेट ५ ते १५, फॉस्फेट ०.०३ ते ०.१, कॅल्शियम ४०० च्या आसपास. सॉफ्ट कोरलच्या टाकीत आठवड्याचे पाणी बदलणे हे बहुधा पुरेसे होते. नायट्रेट शून्यावर आणण्याचा अट्टहास मात्र धरू नका. स्किमर, फिल्टर, औषधे लावून पाणी 'एकदम स्वच्छ' केलेल्या टाकीत मशरूम फिके पडतात आणि वाळूवर बुडबुडे धरलेली तपकिरी साय, म्हणजे डायनोफ्लॅजेलेट, चढते. दोन मासे ठेवा, त्यांना नीट खाऊ घाला. कोरलला वेगळे खाणे देण्याची गरज नाही.

गणपती, दिवाळी, मे महिना

पुण्या-कोल्हापूरची रात्रीची बस धरण्याआधी या तयारीला लागा. पाण्याची घट आपोआप भरणारा टॉप-ऑफ बसवा आणि तो किमान दोन महिने आधी, तुम्ही घरात असताना चालवून पाहा. त्याचे साठ्याचे भांडे मर्यादित ठेवा, म्हणजे सेन्सर अडकला तरी सगळा साठा टाकीत येऊन क्षारता कोसळणार नाही. दहा दिवसांत सॉफ्ट कोरल उपाशी मरत नाहीत. मासे ऑटोफीडरवर राहतात. शेजाऱ्यांना किल्ली देत असाल तर "खाणे घालू नका, फक्त पाणी हलतेय का पाहा आणि फोटो पाठवा" एवढेच सांगा. आपुलकीने घातलेल्या मूठभर खाण्याने जितक्या टाक्या बसल्या, तितक्या उपासाने बसल्या नाहीत.

बिल, पिशवी आणि तक्रार

बिलावर 'मरीन आयटम' असे मोघम लिहून घेऊ नका. कोरलचे नाव लिहायला सांगा. वन खात्याने उद्या विचारले तर तोच तुमचा कागद. ऑनलाइन मागवत असाल तर मेलेला आला तर काय, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारा आणि पिशवी फोडण्याआधी चित्रफीत काढा. भलताच प्राणी आला किंवा कबूल केलेली भरपाई टाळली, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. विक्रेता चेन्नईचा असो की मुंबईचा. मोबदल्याची रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर त्याला शुल्कही नाही.

वाढला की कापा

वर्षभरात टोडस्टूलची छत्री दिव्याला टेकू लागते. टाकीतलेच पाणी घेतलेल्या ट्रेमध्ये तो ठेवा, नवीन ब्लेडने छत्रीचा दोन इंची तुकडा एका झटक्यात कापा. लेदर ओला आणि निसरडा असल्याने गोंद धरत नाही. तुकडा खडीने भरलेल्या वाटीत ठेवून वर मच्छरदाणीची जाळी रबराने ताणून बांधा. दोन-तीन आठवड्यांत तो स्वतःच चिकटतो. मशरूमलाही हीच वाटी. झोआचा प्लग मात्र जेलच्या सायनोअॅक्रिलेटने चिकटतो. कापण्याच्या दिवशी नवा कार्बन घाला आणि उरलेले ट्रेचे पाणी टाकीत परत ओतू नका.

जास्तीचे तुकडे कोणाला तरी द्या, अदलाबदल करा, दुकानात जमा करा. बदली झाली, टाकी मोडायची वेळ आली तरीही हेच. घरी जाताना मालवणला किंवा गोव्याच्या खडकांत "सोडून देऊ, जगतील बिचारे" असा विचार मनात आणू नका. शोभेच्या टाक्यांतून समुद्रात गेलेल्या युनोमिया नावाच्या झेनियाच्याच कुळातल्या कोरलने व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावर स्थानिक प्रवाळ आणि समुद्रगवत झाकून टाकले आहे, आणि तो काढून टाकणे अजून कोणाला जमलेले नाही.